नावापुढची फुली

आत्यानं फुली दाबली आणि खिडकी नाहीशी झाली, तेव्हा विलासदादा म्हणाला, "चुकून लागलं आसंल. परत उघड."

मी परत उघडली. लॅपटॉपच्या पडद्यावर राखाडी रंगाची साधी खिडकी आणि तीत पुरीएवढी दोन बटणं. एकावर लिहिलेलं 'विलासकडे', दुसऱ्यावर 'प्रतापकडे'. आत्यानं डाव्या हातानं माऊस सरकवायला घेतला. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. पडद्यावरचा बाण पहिल्या बटणावरून गेला, दुसऱ्याच्या कडेनं गेला, वर चढला, जरा भरकटला, पुन्हा ताळ्यावर आला आणि कोपऱ्यातल्या फुलीवर जाऊन थांबला. आत्यानं दाबलं. खिडकी गेली.

"बघितलंस?" प्रतापदादा म्हणाला. "तिला त्यातलं काय कळत न्हाई. उगं शिणवू नकोस तिला."

"कळत न्हाई कसं? सकाळी चहा मागितला की तिनं ह्याच्यावरनं."

"मग हे काय चाललंय?"

हे काय चाललंय, तेच मला बघायचं होतं.

त्या वर्षी मी सांगलीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. मला लहानपणापासून चौकशा फार. बाबा म्हणायचे, संयोगिताला घड्याळ दिलं तर ती वेळ बघायच्या आधी मागचं झाकण उघडेल. आमच्या अभ्यासक्रमात नसलेली पायथन नावाची भाषा मी नेटवरून एकटीच शिकत होते आणि तिच्यातली पहिली खिडकी उघडायला मला अख्खी दुपार लागली होती. खिडकी यायची, लुकलुकायची आणि जायची. मग कळलं की प्रोग्राम आपल्या ओळी वाचतो आणि संपतो. त्याला शेवटी बजावून सांगावं लागतं, बाबा रे, थांब, कुणी काही करतंय का बघत बस. ती एक ओळ लिहिली आणि खिडकी पडद्यावर ठाण मांडून बसली. आत काहीच नाही, नुसती रिकामी. पण मी एवढी हरखले की आईला हाक मारून दाखवली. आई म्हणाली, "ह्यात बघायचं काय?" आणि कणीक मळायला निघून गेली.

त्याच सुमारास द्वारकाआत्याला झटका आला.

द्वारकाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मिरजेपासून पुढं खटाळवाडीला तिचं घर. नवरा लवकर गेला, तर घराच्या पुढच्या खोलीत तिनं मिरची कांडपाचं यंत्र टाकलं आणि त्यावर दोन मुलं शिकवली. तिच्या घराचा पत्ता कुणाला सांगावा लागत नसे. शिंका यायला लागल्या की घर आलं असं समजायचं. झटक्यानं तिची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, समज शाबूत आहे, थोडंफार वाचताही येईल, फक्त शब्द सापडत नाहीत. सगळे शब्द गेले आणि एकच राहिला. तो म्हणजे "व्हय".

चहा पाहिजे? व्हय. चहा नको? व्हय. उकडतंय? व्हय. गारठा लागतोय? व्हय. मान हलवून सांग म्हटलं तर मानही उभीच हलायची. विलासदादा पुण्याहून आला आणि त्यानं विचारलं, "आई, माझ्याकडं पुण्याला येणार न्हवं?" ती म्हणाली, व्हय. प्रतापदादा बेळगावहून आला, त्यानं विचारलं, "आई, बेळगावलाच येतीस न्हवं?" त्यालाही म्हणाली, व्हय. दोघांनी आपापल्या बायकांना फोन लावून सांगितलं, आई हो म्हणाली. दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांनाही आईला न्यायचं होतं, मनापासून न्यायचं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटेना.

मला त्यातली मेख अशी दिसली की आत्याजवळ 'नाही'च उरलं नव्हतं. कागदावर लिहून दाखवलं तर ती कागद हातात घ्यायची, व्यवस्थित घडी घालायची आणि उशाखाली ठेवायची. मग म्हटलं, खिडकी करून बघू. नुकतं शिकलेलं माणूस जगातली प्रत्येक गोष्ट त्यानंच सुटेल असं समजतं, तशातली गत. मी लॅपटॉप घेऊन खटाळवाडीला आले. माऊसच्या कुठल्या बाजूला दाबायचं ते लक्षात राहावं म्हणून त्या बाजूला माझीच एक लाल टिकली चिकटवली. पहिली खिडकी केली चहा आणि पाणी अशी. दोन दिवस सराव झाल्यावर त्या रविवारी सकाळी तिनं बाण नेऊन 'चहा' दाबलं, मी चहा केला, आणि तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मला रडूच आलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिनं काहीतरी मागितलं होतं.

म्हणून त्याच दिवशी, दोन्ही भाऊ घरात असताना, ही दुसरी खिडकी.

दिवस घाईचा होता. विलासदादाची गाडी दारात उभी होती. संध्याकाळी आत्याला कुणीतरी घेऊन जाणार, मग घर बंद. कांडपाचं यंत्र तासगावच्या एकानं घ्यायचं ठरवलं होतं आणि त्याचा टेम्पो दुपारीच यायचा होता. शिमगा जवळ आलेला, बाया वाळवलेल्या मिरच्यांची बोचकी घेऊन येत होत्या आणि दारावरूनच परत जात होत्या. आत्या खाटेवरून बघायची, कोण आलं, कोण गेलं.

"एक काम करते," मी भावांना म्हणाले. "ती फुलीच बंद करते. दिसंल, पण दाबली तरी खिडकी जाणार न्हाई. मग बटणांपैकी एक दाबावंच लागंल."

"कर बाई, काय करायचं ते कर," विलासदादा म्हणाला.

मी प्रोग्राममध्ये तेवढा बदल करून खिडकी पुन्हा उघडली. आत्यानं बाण फुलीवर नेला आणि दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. "व्हय," ती म्हणाली. पुन्हा दाबला. "व्हय. व्हय." आवाज चढला. टिकलीवर बोट आपटत राहिली. मग माझ्याकडं वळून बघितलं आणि "व्हय?" असं काही विचारलं की मला शिवी खाल्ल्यासारखं वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"बास," विलासदादा म्हणाला. "मिट ते. मी नेतो तिला पुण्याला. दवाखाने हायत, सगळं हाय. प्रताप, तू पाडव्याला ये न्यायला, तवा बघू."

"म्हंजे तुझंच खरं."

"मग तुझं काय वेगळं हाय का? कुणीतरी ठरवाय पायजे का नको?"

आणि टेम्पोवाल्याला वाट सापडेना म्हणून त्याचा फोन आला, तेव्हा दोघं भाऊ तसेच तणतणत त्याला आणायला फाट्यावर गेले.

मी लॅपटॉप मिटला नाही. आत्यानं तोंड भिंतीकडं केलं होतं. मला तिच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी डोकं मात्र नको तिथं उकरत होतं. बटणं पुरीएवढी आणि फुली मुगाच्या दाण्याएवढी. नव्यानं माऊस धरणाऱ्या डाव्या हाताला चुकून लागायचंच तर बटण लागायला हवं. फुली चुकून लागत नाही. ती नेम धरून लावावी लागते. तिनं दर वेळी नेम धरला होता. आणि चहाच्या खिडकीलाही फुली होतीच की. तिच्याकडं आत्यानं एकदाही ढुंकून बघितलं नव्हतं.

मग दोन खिडक्यांत फरक काय? मी दोन्ही शेजारी शेजारी उघडून बघितल्या. चहाच्या खिडकीला मी नावच दिलं नव्हतं. नाव नाही दिलं की वरच्या पट्टीत दोन परकी अक्षरं आपोआप येतात. दुसरीला नाव दिलं होतं, कारण शिकवणीचा पुढचा धडा तोच होता: खिडकीला शीर्षक द्या. शीर्षक काय द्यायचं ते सुचेना, तेव्हा दवाखान्याच्या कार्डावर होतं तसं पूर्ण नाव टाकून दिलं होतं. द्वारका शंकर मगदूम. फरक एवढाच. पण त्याचा फुलीशी काय संबंध ते काही डोक्यात शिरेना.

तेवढ्यात शेजारच्या जैबूनमावशी झाकलेली ताटली घेऊन आल्या. कांडपावर आत्याच्या जोडीला त्याच असायच्या. दोघींच्या घरांमध्ये भिंत एकच. ताटली ठेवून त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावून बघितलं.

"निवडणूक लागली काय गं?"

"कुठली निवडणूक?"

"मग हे काय? निशाणी, द्वारकाक्काचं नाव, आन् पुढं फुली." त्यांनी पट्टीवर डावीकडून उजवीकडं बोट फिरवलं. त्या पट्टीच्या डाव्या टोकाला खिडकीबरोबर आपोआप येणारं एक पिसाचं चित्र असतं, मी ते आजवर धड बघितलंही नव्हतं. "पर निशाणी चुकीची छापलीया. अक्काची कपबशी हुती. हे पीस कुणाचं आणलंस?"

"व्हय!" आत्या खाटेवरून ओरडली. तोंड वळवून तिनं डाव्या हाताची थाप मांडीवर मारली. "व्हय! व्हय!"

मी उठून उभी राहिले. "मावशी, बसा. आत्या कधी उभी राहिली होती?"

"तुला ठाऊक न्हाई? तू तवा लंगडी घालत आसशील." मावशी खाटेच्या कडेला टेकल्या आणि आत्याकडं बघून हसायला लागल्या. "सांगू का गं अक्का? सांगतेच. बायकांसाठी जागा पैल्यांदा सुटली ना ग्रामपंचायतीला, तवा आमच्या गल्लीनं हिला उभी केली. आणखी दोघी हुत्या समोर. प्रचार काय केला म्हणतीस! भोंगा लावून दिवसभर, फुली मारा, फुली मारा. आता आम्ही बाया कशा? शाळंचं तोंड बघितलेल्या न्हाई. आम्हाला फुली ठाऊक ती पोरांच्या पाटीवरची. मास्तरनं फुली मारली म्हंजे चुकलं, आन् चुकलं म्हंजे मार. आत गेले, फुलीचा शिक्का हातात दिला. मी त्या दोघींवर एकेक दणकून मारली. अक्काच्या नावावर कशाला मारू? तिनं माझं काय घोडं मारलंय?"

"म्हणजे बाकीच्यांवर फुल्या मारल्या? आणि हिला मोकळं सोडलं?"

"मी एकटीनंच न्हाई, निम्म्या गल्लीनं. मोजाय बसले तर ही थप्पी बाद मतांची. समद्या कागदांवर अक्काची कपबशी अशी स्वच्छ, धुऊन पालथी घातल्यागत."

"आणि पडली?"

"पडली की! घरी आली, आधी पोट धरून हसली, मग माझ्या पाठीत धपाटा घातला. त्याच्या पुढच्या खेपेला हिनं भोंगा लावलाच न्हाई. पाटी आन् खडू घिऊन घरोघर फिरली. तिचं नाव वळखाय मी तवाच शिकले. चूल पेटलेली आसली तरी बायांना बसवून शिकवायची. 'आपल्या माणसावर फुली. ज्याला ठेवायचं त्याच्यावर फुली.' पोरं खेळताना म्हणायला लागली ते. आन् आली निवडून."

आत्या अर्ध्या तोंडानं हसत होती. मला मात्र हसू येईना. मी पडद्याकडं बघत होते. निशाणी, नाव, फुली. आम्ही तिच्यासमोर प्रश्न ठेवला होता विलास की प्रताप, आणि ती त्या प्रश्नाच्या डोक्यावर, वरच्या पट्टीत, तिसऱ्याच उमेदवाराला मत देत होती. दर वेळी तेच मत. आणि मी काय केलं होतं, तर तो शिक्काच उमटेनासा करून ठेवला होता.

"मावशी, आत्याला इथनं जायचं नाही."

जैबूनमावशींचं हसू थांबलं. "कशावरनं?"

"थांबा. मला आधी नीट बघू दे."

मी बटणं काढून टाकली. सगळी रंगरंगोटी काढली. माझ्या पहिल्या दुपारी केली होती तशी नुसती रिकामी खिडकी, फक्त उंची कमी करून पट्टीसारखी केली. तशा दोन केल्या: एकीचं नाव विलास शंकर मगदूम, दुसरीचं प्रताप शंकर मगदूम. एकाखाली एक मांडल्या. आत्यानं बराच वेळ बघितलं. प्रतापदादाच्या नावापाशी बाण नेला, विलासदादाच्या नावापाशी नेला, आणि माऊस अलगद बाजूला सारला. मग मी तिसरी पट्टी आणली, सर्वांत खाली, द्वारका शंकर मगदूम. तिनं लगेच माऊस ओढून घेतला. बाण दोन्ही मुलांच्या नावांवरून खाली आला, फुलीवर गेला, टिकली दाबली गेली.

जैबूनमावशींनी पदराचं टोक तोंडात धरलं. "या अल्ला," त्या म्हणाल्या. "आन् आम्ही हिचं बोचकं बांधून ठिवलंय."

बाहेर टेम्पो येऊन थांबला. यंत्र न्यायला आलेला माणूस पुढच्या खोलीत आला आणि त्याला शिंका सुरू झाल्या. विलासदादा त्याला यंत्राचे बोल्ट कुठं आहेत ते दाखवून आत आला, पाठोपाठ प्रतापदादा.

"दादा, एकदाच बघ," मी म्हणाले. "फक्त एकदा. मग मी लॅपटॉप बॅगेत टाकते."

"संयू, आता पुरे झालं."

"विलास, बस खाली," जैबूनमावशी म्हणाल्या. त्या आवाजाची लहानपणापासून सवय असल्यासारखा तो बसला.

मी तिन्ही पट्ट्या मांडल्या. भाऊ दोन्ही बाजूंनी वाकून बघायला लागले. आत्यानं बाण हळूहळू खाली आणला आणि आपल्या नावापुढची फुली दाबली. तिची पट्टी नाहीशी झाली. पडद्यावर विलास आणि प्रताप, दोन नावं राहिली.

"बघ," विलासदादा म्हणाला. "सोताचं नाव खोडलं तिनं. माझं काय विचारू नका, तुमचं तुम्ही बघा, आसं म्हणती ती. आनखी काय म्हणंल बिचारी?"

जैबूनमावशींनी कपाळावर हात मारला. "आरं मी अडाणी, म्हणून माझं चुकलं. तू तर पुण्यात साहेब हायस!" आणि त्यांनी निवडणुकीची ती सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी न हसता. प्रतापदादाला भोंगा आठवला. विलासदादा मात्र हटेना. "ते कागदावरचं होतं, मावशी. हे मशीन हाय. मशीनवरची फुली म्हंजे बंद कर. आईचं नाव गेलं का न्हाई? डोळ्यांनी बघितलं मी."

आणि तो खोटं बोलत नव्हता. मशीनच्या लेखी फुली म्हणजे घालव आणि आत्याच्या लेखी फुली म्हणजे ठेव. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लावणं भाग होतं. आत्याचं वय सत्तरीकडं झुकलेलं, अर्धं अंग गेलेलं. तिला नव्यानं काही शिकवण्यात अर्थ नव्हता, आणि तिचं चुकलंही नव्हतं. राहिलं मशीन.

"दादा, जरा थांब."

"आता काय?"

"तिचा नियम ह्याला शिकवते."

पुढच्या खोलीतून पान्याचा आवाज यायला लागला. एक बोल्ट सैल झाला असावा. मी लिहायला घेतलं. ज्या नावापुढची फुली दाबली जाईल ती खिडकी राहील, बाकीच्या जातील. वाक्य एवढंच, पण ते पायथनमध्ये सांगताना माझी बोटं अडखळायला लागली. पहिल्यांदा चालवला तर चूक दाखवली. कंस एक मिटायचा राहिला होता. दुसऱ्यांदा चालवला तर तिन्ही खिडक्या गेल्या. प्रतापदादा हसला, कसनुसा. आत्या माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. तिसऱ्यांदा मी एकेक ओळ ओठात म्हणून बघितली, चूक सापडली, दुरुस्त केली आणि माऊस आत्याच्या डाव्या हाताखाली दिला.

"आत्या, ह्या वेळी शिक्का उमटंल," मी म्हणाले.

तिनं बाण नेला. वाटेत जरा थांबली, पुन्हा नेला. दाबलं.

विलास शंकर मगदूम गेलं. प्रताप शंकर मगदूम गेलं. पडद्यावर एकटं तिचं नाव राहिलं.

"व्हय," आत्या म्हणाली, अगदी हळू. झटक्यानंतर तिच्या तोंडून शेकडो वेळा तो शब्द ऐकला होता, पण त्याचा अर्थ खराखुरा 'हो' असल्याचं मला पहिल्यांदाच कळलं.

"जागा बदल," विलासदादा म्हणाला. "तिचं वर घे. माझं खाली टाक."

मी बदलली. तिनं वरची फुली दाबली. त्यानं पुन्हा बदलायला लावली, तिचं नाव मधे. तिनं मधली दाबली. आता तिचा हात बराच सरावला होता.

प्रतापदादा तिच्यापुढं उकिडवा बसला. "आई, म्हंजे आम्ही नको हाय व्हय तुला?"

"व्हय," आत्या म्हणाली. दुसरं काही म्हणणं तिच्या हातात नव्हतं. त्याचा चेहरा पडला ते तिनं बघितलं, आणि घाईनं माऊस टाकून डावा हात त्याच्या गालावर ठेवला, तिथून कानावर, केसांवर. "व्हय, व्हय, व्हय," म्हणत त्याचं डोकं तिनं आपल्या गुडघ्यावर ओढून घेतलं. त्यानं तिथंच तोंड लपवलं. त्याचे खांदे हलत होते आणि आम्ही सगळ्यांनी ते मिरचीमुळं असल्यासारखं दुसरीकडं बघितलं.

"रात्री पडली-झडली तर?" विलासदादा म्हणाला. तो कुणाकडं बघत नव्हता. "औषधं कोण देणार? हिथं हाय कोण हिला?"

"मी काय मेलीया?" जैबूनमावशी म्हणाल्या. "भिंतीवर मूठ मारली तर मला ऐकू येतं. कांडप मी चालवते, ही बसून नुसती बघंल. तिची नजर आसली की पुरं हाय, बाया तिच्यासाठीच येतात."

पुढच्या खोलीतला माणूस हाक मारून म्हणाला, "दादा, जरा हात लावाय या की, एकट्याला उचलंना." विलासदादा उठला नाही.

"परत मांड," तो मला म्हणाला.

मला वाटलं पुन्हा जागा बदलायच्या. मी तिन्ही पट्ट्या मांडल्या आणि माऊस आत्याकडं द्यायला गेले, तर त्यानं तो मधेच घेतला. "माझंबी एक मत हाय," तो म्हणाला.

त्याचा बाण आधी त्याच्या स्वतःच्या नावाकडं गेला. तिथं तो थांबला, फुलीच्या इतका जवळ की मी डोळे मिटून घेणार होते. आत्याही बघत होती, पण तिनं हात पुढं केला नाही. मग बाण तिथून निघाला, खाली सरकला आणि द्वारका शंकर मगदूम या नावापुढं गेला. विलासदादानं दाबलं. दोन्ही भावांची नावं गेली आणि आईचं राहिलं. त्यानं माऊस मान खाली घालूनच प्रतापदादाकडं सरकवला आणि बाहेर गेला.

टेम्पोवाल्याशी तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. आधी त्या माणसाचा चढलेला आवाज, मग थोड्या वेळानं पाना जमिनीवर टाकल्याचा, आणि शेवटी रिकामा टेम्पो वळवल्याचा. विलासदादा तरीही आत येईना. मी डोकावून बघितलं तर तो दाराच्या पायऱ्या उतरत होता आणि चढत होता, उजवा हात अंगाशी घट्ट धरून, एकट्या डाव्या हातानं भिंत चाचपत. दोनदा त्याचा तोल गेला.

मग तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. डोळे लाल झालेले होते.

"मावशी," तो म्हणाला, "ह्या पायऱ्यांना डाव्या अंगानं धरायला नळी बसवून घ्यायची तर गावात वेल्डर कोण चांगला हाय?"